गांधीलमाश्या येऊन गेल्यानंतर

फार पूर्वी, वैशाख शुद्ध द्वितीयेला, वारा पडला होता आणि ऊन रणरणत होतं. जांभळाच्या ढोलीतलं पोळं एका लहानशा दारातून श्वास घेई. मागच्या पावसाळ्यात गांधीलमाश्यांनी तिथे धाड घातली होती. दाराशी पहारा देणाऱ्या धुरपीची बहीण त्यात मारली गेली होती; तेव्हापासून धुरपी डिंकानं दार बुजवत आली होती.

पायांना करंजाचा पराग लावून कामकरी माशी गिरजा दाराशी आली.

"पिवळं दिसतंय. गांधीलमाशीच," म्हणत धुरपीनं आतून डिंक लावून दार आणखी बुजवलं.

"आत्या, पराग आहे हा. पोरसवदा होतीस तेव्हा चाटून खायचीस म्हणे."

"तेव्हा अक्कल नव्हती."

आत पंखांनी वारा घालणारी म्हातारी धापा टाकत म्हणाली, "धुरपे, आम्ही गुदमरतोय गं."

"कळ काढा. तुमच्यासाठीच करतेय."

दुपारी दार पूर्ण बुजलं. संध्याकाळपर्यंत राणी, धुरपी आणि नऊशे माश्या मेल्या. त्या वर्षी गांधीलमाशी आली नाही.