ढाण्याचा गळा

एका उंच पठारावर धुळाप्पा नावाचा मेंढपाळ राहत होता. घरात तो आणि त्याची बायको हौसा, वाड्यात सत्तर मेंढ्या, आणि त्या मेंढ्यांवर ढाण्या नावाचा एकच कुत्रा. ढाण्या वासराएवढा थोराड होता. तो उभा राहिला की त्याचे डोके धुळाप्पाच्या कमरेला लागे.

ढाण्या सहा महिन्यांचा असताना धुळाप्पाच्या म्हाताऱ्या बापाने त्याच्या गळ्यात खिळ्यांचा चामडी पट्टा घातला होता. लांडगा राखणीच्या कुत्र्याचा गळाच आधी धरतो, म्हणून हा पट्टा. म्हातारा रोज भाकरी मोडण्याआधी ढाण्याच्या अंगावरून हात फिरवी, काटे काढी, गोचिड्या काढी आणि पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाही. बोटे अडली की पट्टा एक भोक सैल करी.

मरताना तो एवढेच म्हणाला, "धुळा, त्याच्यावरनं हात फिरवल्याबिगर जेवू नगंस."

धुळाप्पाने काही दिवस ते पाळले. पण आठवडी बाजारात कुणीतरी त्याला सांगितले, "राखणीचं कुत्रं कुरवाळू नये. लाडावतं. मग ते राखण कसली करतंय?" धुळाप्पाला ते पटले. खरे तर एवढ्या मोठ्या जनावराच्या तोंडाशी हात नेताना त्याच्या मनात थोडी भीतीही असे. त्या दिवसापासून तो ढाण्याला दुरूनच भाकरी टाकू लागला.

वर्ष गेले. मार्गशीर्षात पठारावर धुके उतरले. ते दुपारीही हटेना. आणि एके दिवशी वाड्यात एक मेंढी कमी भरली.

रक्त नव्हते, झटापट नव्हती. मुख्य म्हणजे ढाण्या भुंकला नव्हता.

चार दिवसांनी दुसरी गेली, मग तिसरी. धुळाप्पा धुक्यात डोळे ताणून पाहत बसला, तेव्हा त्याला जे दिसले त्याने त्याच्या अंगावर काटा आला. ढाण्या धुक्याकडे तोंड करून उभा होता. त्याने जबडा उघडला. गळा हलला, छाती हलली, पाठीवरचे केस ताठ झाले. कुत्रा जिवाच्या आकांताने भुंकत होता, आणि आवाज येत नव्हता. तोंडातून नुसती वाफ निघत होती.

मग तो वळला आणि धुळाप्पाकडे एकटक बघत राहिला.

ढाण्याने भाकरी सोडली. हौसाने ठेवलेले ताक तेवढे तो प्यायचा. रोज उठून पाहावे तर दाराच्या खांबावर नवे ओरखडे असत, सगळे कमरेच्या उंचीवर, खोल आणि आडवे.

हौसा म्हणाली, "आवं, त्याला काय तरी दुखतंय. जवळ जाऊन बघा की."

"तू जा."

"मला तो येऊ देत न्हाई. मानंकडं हात नेला की मागं सरतो. म्हाताऱ्याचाच हात त्याला चालायचा. तुमी म्हाताऱ्याचंच लेक न्हवं? का घरच्या कुत्र्याला भ्यायला लागलाय?"

हे त्याला झोंबले. पण तो ढाण्याजवळ गेला नाही. तो देवऋषीकडे गेला.

देवऋषीने लांबूनच कुत्रा पाहिला आणि मान हलवली. "डोंगरातलं काय तरी त्याच्यात शिरलंय. त्यानंच त्याची वाचा बांधली." त्याने मंतरलेला काळा दोरा दिला. धुळाप्पाने काठीच्या टोकाने फास टाकून तो दोरा ढाण्याच्या गळ्यात सरकवला आणि दुरूनच ओढून घट्ट केला.

त्यानंतर पाचच दिवसांत दोन मेंढ्या गेल्या.

"आता याला ठेवण्यात अर्थ न्हाई," धुळाप्पा म्हणाला. त्याने घोंगडीखाली कुऱ्हाड घेतली. हौसा दारात आडवी आली, पण तो बाजूने निघून गेला. त्याने हाकही मारली नव्हती, तरी ढाण्या मुकाट्याने त्याच्या मागे चालू लागला.

पठाराच्या कडेला धुके इतके दाट होते की धुळाप्पाला स्वतःचे पाय दिसेनात. तो थांबला. ढाण्याही थांबला. धुळाप्पाने कुऱ्हाड उचलली. ढाण्याने कुऱ्हाडीकडे पाहिलेच नाही. तो धुळाप्पाच्या पाठीमागे कुठेतरी पाहत होता. त्याने पुन्हा जबडा उघडला आणि पुन्हा नुसती वाफ निघाली.

मग तो दोन पावले पुढे आला आणि आपली मान धुळाप्पाच्या मांडीवर घासू लागला, जशी रोज दाराच्या खांबावर घासत होता तशी.

खिळा मांडीला टोचला. धुळाप्पाने त्याला ढकलायला हात खाली नेला, आणि वर्षभरानंतर तो हात पहिल्यांदाच ढाण्याच्या मानेवर पडला.

थंडीत वाढलेल्या दाट केसांत बोटे शिरली. पट्टा लागेना. बोटे ओली झाली. आणखी आत चाचपले, तेव्हा त्याला कळले. पट्टा केसांत नव्हता, कातड्यात होता. वर्षापूर्वीच्या वाढत्या पिलाच्या मापाचा पट्टा पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रुतला होता, आणि वरून त्याने स्वतःच्या हाताने आवळलेला दोरा. तिथे दोन बोटे काय, एक नखही जात नव्हते.

"आरं माझ्या लेकरा," धुळाप्पा म्हणाला आणि खाली बसला. मारायला आणलेल्या कुऱ्हाडीच्या पात्याने त्याने आधी दोरा कापला आणि मग पट्टा. ढाण्या जागचा हलला नाही.

पट्टा सुटला. ढाण्याने श्वास घेतला. फाटक्या भात्यासारखा तो आवाज धुळाप्पा जन्मभर विसरला नाही. मग ढाण्या भुंकला. एकदाच, घोगरा आणि अर्धवट.

त्याबरोबर धुळाप्पाच्या पाठीमागे, दहा पावलांवर, सुके गवत मोडत कितीतरी पाय धुक्यात पळाले. ते तिथे केव्हापासून उभे होते, हे एकट्या ढाण्याला ठाऊक होते.

हळद आणि तेलाने जखम भरली. गळ्याभोवतीच्या व्रणाच्या कड्यावर मात्र पुन्हा केस आले नाहीत. नवा पट्टा घातला तो सैल. त्या हिवाळ्यात आणखी मेंढी गेली नाही, आणि धुळाप्पाने ढाण्याच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय कधी घास घेतला नाही.

पुढे ढाण्या म्हातारा होऊन मेला. तरी धुळाप्पा भाकरी मोडण्याआधी शेजारच्या रिकाम्या जागेवरून सावकाश हात फिरवायचा आणि दोन बोटे पुढे करून थांबायचा. हौसा कधी हसली नाही. बोटांना कधीकधी ऊब लागते, असे तो म्हणे. खरे-खोटे कोण सांगणार?

तात्पर्य: ज्याच्या जागरणावर आपण निर्धास्त झोपतो, त्याच्या गळ्यावरून रोज एकदा हात फिरवावा, आणि तो मुका झाला तर त्याला दोष देण्याआधी, फास आपल्याच हातचा नाही ना, हे पाहावे.