हौसाबाईंचे आठशे

“मग? हौसाबाईंच्या किडन्या काय म्हणतात?” सालोमी सिस्टरांनी विचारलं.

“एकदम उत्तम!” केतकी म्हणाली.

नर्सिंगच्या वर्गात ती पहिली आलेली. झोपेतून उठवून विचारावं, इतके आकडे पाठ. फाइल न उघडताच तिने धडाधड सांगून टाकलं, “क्रिएटिनिन एक पॉइंट एक, युरिया चौतीस, पोटॅशियम चार पॉइंट दोन. सगळं नॉर्मल.”

“रक्त कधी काढलेलं?”

“सकाळी सहाला.”

“आत्ता किती वाजले?”

“बारा.”

सिस्टर नुसतं “हं” म्हणाल्या. तीस वर्षं याच वॉर्डात काढलेली बाई ती. तिच्या एका हुंकारावर भलेभले आपली फाइल पुन्हा उघडून बघायचे. केतकीला मात्र काही म्हणता काही वाटलं नाही.

हौसाबाई पायाच्या जखमेत पू होऊन परवा भरती झालेल्या. अंगात ताप, सलाइन चालू, लघवीला नळी लावलेली आणि खाटेला पिशवी.

“लघवी किती?”

“आठशे.”

“दहा वाजता किती होती?”

“आठशे.”

“आणि आठला, तू आलीस तेव्हा?”

“आठशेच. एकदम स्थिर आहे, सिस्टर.”

सिस्टर खाली वाकल्या, पिशवीची तोटी सोडली आणि सगळी लघवी मापात काढून घेतली. नळी कुठे मुडपलीय का ते चाचपलं. ओटीपोट हळूच दाबून पाहिलं, मऊ होतं; म्हणजे लघवी आत तुंबलेली नव्हती. मग डॉक्टरांना तातडीचा निरोप धाडला आणि केतकीपुढे स्टूल सरकवलं.

“बस. नळीकडे बघ.”

केतकी बसली. पाच मिनिटं… दहा मिनिटं… एक थेंब उतरला नाही.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ते आठशे रात्रीचे होते! पिशवी कुणी रिकामीच केली नव्हती, आणि आपण शिळी लघवी तीनदा ताजी म्हणून लिहिली.

“पण रिपोर्ट तर नॉर्मल होता हो…”

“लघवी आधी थांबते. आकडा मागून चढतो,” सिस्टर म्हणाल्या. “बाई सकाळपासून काही बोलल्या?”

“काही नाही… म्हणजे, ‘पोरी, बांगड्या वाढव गं माझ्या, रुततायत’ म्हणत होत्या. मी म्हटलं, अहो आजी, आजोबा बाहेर बसलेत, बांगड्या फोडायचं असलं अभद्र काय बोलता!”

सिस्टर थबकल्या.

“सवाशीण बाई… नवरा दाराशी बसलेला… आणि आपल्या तोंडाने म्हणते, बांगड्या वाढव.”

त्यांनी हौसाबाईंचा हात उचलून केतकीच्या हातात दिला. हात टम्म सुजला होता. केतकीचं बोट टेकलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

डॉक्टर धावत आले. सलाइन कमी केलं, रक्त पुन्हा पाठवलं. तासाभरात रिपोर्ट आला: क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ, पोटॅशियम पाच पॉइंट नऊ. हौसाबाईंना डायलिसिसला न्यायचं की कसं, ते संध्याकाळी ठरणार होतं. “आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं,” एवढं बोलून डॉक्टर औषधं लिहायला बसले.

तोवर सिस्टरांनी वाटीत साबणाचं पाणी केलं होतं. हौसाबाईंचं मनगट चोळत, बाळंतिणीला बोलावं तसं बोलत, त्यांनी एकेक बांगडी उतरवली. सहाच्या सहा हिरव्या बांगड्या. एकही वाढवली नाही.

केतकीला रडू आवरेना.

“चुकले मी, सिस्टर… आता चार्टवर काय लिहू? काय करू मी?”

सिस्टरांनी त्या ओल्या बांगड्या तिच्या ओंजळीत ठेवल्या.

“सूज उतरली की परत तूच चढवायच्यास,” त्या म्हणाल्या. “साबण न लावता.”