लिंबांना न टेकणारी चाकं

जुन्या मोटारींतलं मला कळतं तेवढं सबंध गडहिंग्लजात कुणाला कळत नाही. म्हणजे हॉर्न कुठला आणि ब्रेक कुठला, हे मी बघताक्षणी सांगतो. त्याच्या पुढचं सुमित्राअक्काला विचारावं लागतं.

आणि अक्काला विचारलं म्हणजे उत्तर मिळेलच, असं नाही…

“अक्का, बॉनेटच्या पट्ट्याचं बक्कल मूळचं पितळी असेल, का त्यावर निकेल असेल?”

दसऱ्याची सकाळ. प्रश्न यशोधन मगदूमचा. अक्का अजून तिच्या गाडीतून उतरलीही नव्हती.

ती उतरली. पदर खोचला. बक्कलाबद्दल काही बोलली नाही.

ही अक्का कोण, ते सांगतो. नवरा असताना घरात दोन माणसांची उघडी मोटार होती. नवरा ती पळवायचा आणि बिघडली की शिव्या द्यायचा. उघडून बसायची ती अक्का. नवरा गेला, शिव्याही अक्काकडे आल्या. आता सत्तरी केव्हाच मागे पडली, तरी त्याच गाडीतून बाजारात जाते, मागच्या फटीत कोथिंबीर नि गाईचा कडबा कोंबून आणते. गाडीचा रंग विचारू नका. तिलाही सांगता येणार नाही. पोचे इतके, की पत्रा सपाट कुठं आहे ते शोधावं लागतं. पण हँडलच्या एका झटक्यात सुरू होते.

जुन्या गाड्या घरीच दुरुस्त करायचं वेड असलेले लोक तिच्याकडे बेळगावाहून, पुण्याहून येतात. मोठमोठे प्रश्न घेऊन येतात. ती त्यांच्या हातात पाना देते आणि गाडीखाली घालते. बाहेर येतात तेव्हा प्रश्न राहिलेला नसतो, नाहीतर माणूस तरी निघून जातो.

यशोधन टिकला. बियाण्यांचं दुकान सांभाळून टिकला. त्याच्या वडिलांनी, आण्णांनी, तरुणपणी एका साहेबाकडून तसलीच दोन माणसांची गाडी घेतली होती. अक्काचा नवरा आणि आण्णा संकेश्वरच्या रस्त्याला शर्यती लावायचे. मग संसार वाढला, गाडी शेडमध्ये गेली, कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली. ती गाडी यशोधननं घरच्या घरी उघडली. एकेक नट रॉकेलमध्ये बुडवून धुतला. कार्बोरेटर अक्कासमोर इतक्या वेळा उघडला, की झोपेत विचारलं तरी जोडून दाखवला असता. खोटं कशाला बोलू, पोरानं काम सोन्यासारखं केलं. इंजिन असं लागलं, की चालू असताना टाकीवर रुपया उभा ठेवला तरी पडू नये.

तिथंच थांबला असता तर मला ही गोष्ट लिहावी लागली नसती.

इंजिन झालं, तसा त्याला नवाच रोग लागला. सगळं मूळचं पाहिजे. स्क्रूच्या डोक्यावरची चीर मूळची पाहिजे. रंग हिरवाच, पण कुठला हिरवा? मूळचा हिरवा. त्यासाठी त्यानं डॅशबोर्डच्या मागं उरलेला नखाएवढा रंग खरवडून, डबीत घालून, कुठं कुठं धाडला होता. शेडला पडदे आले. आत गेलं की गाडीला टेकायचं नाही. खोकायचं तर बाहेर जाऊन. मी एकदा नुसता वाकून बघत होतो, तर म्हणतो, काका, तंबाखूचा वास कातड्यात बसतो. माझ्या बायकोनं इतक्या वर्षांत जे सोसलं, ते याच्या सीटला सोसवेना!

असो. दसऱ्याला गाडीची पूजा ठेवली होती आणि गुरू म्हणून अक्काला बोलावलं होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी अक्काच्या शेजारच्या सीटवर बसून गेलो.

“आण्णा कुठं आहेत?” अक्कानं विचारलं.

“व्हरांड्यात. सकाळपासून कोट घालून बसलेत. ऐकत नाहीत.”

“का बसलेत?”

“सीमोल्लंघनाला गाडीतनं जायचं म्हणतात.” यशोधन हसला. लहान पोरानं चंद्र मागितल्यावर हसतात तसं.

आम्ही व्हरांड्याकडे गेलो. आण्णांचा कोट एके काळी त्यांच्या अंगाचा असेल. आता आत आणखी एक आण्णा मावले असते. गळ्याला मफलर. गुडघ्यांमध्ये काठी. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात त्यांची सगळी पथ्यं उठवली होती. काय हवं ते खाऊ दे, म्हणाले होते. घरात याचा आनंद झाला, श्रीखंडसुद्धा केलं. मला काही तो आनंद झाला नाही. अक्कालाही नाही.

“वहिनी,” आण्णा म्हणाले, “आज तरी काय म्हणतोय तुमचा शिष्य?”

“विचारते.”

“गावाबाहेर माळापर्यंत. आपट्याच्या झाडापर्यंत जायचं आणि माघारी. फार नको.” मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मते हळू, मला म्हणाले, “भुजंगा, रेडिएटरला पाणी आहे का बघ. पोरांच्या ध्यानात राहत नाही.”

मी बघतो म्हणालो.

शेडमध्ये गेलो. पडदे बाजूला झाले आणि… गाडी दिसली. हिरवीगार. झेंडूचे हार. स्टिअरिंगला हळदकुंकू, पण खाली कागद चिकटवून त्यावर. चारी चाकांखाली चार लिंबं मांडलेली.

मी वाकलो. मी वाकणार नाही असं काही आजवर या गावात झालेलं नाही. बघतो तर गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली. चाकं हवेत. लिंबू खाली, टायर वर, आणि मधून एखादं मांजर शेपटी वर करून आरामात गेलं असतं. खात्री करायला मी माझी टोपी त्या फटीत घालून बघितली. बसली. यशोधननं टोपी काढायला लावली.

अक्कानंही बघितलं होतं.

“ही लिंबं कशाला?”

“पूजेला, अक्का. चाकाखाली ठेवतात ना.”

“आणि पुढं काय करतात त्यांचं?”

यशोधन घुटमळला. “काढून ठेवीन नंतर.”

मला तोंड दाबून बाहेर बघावं लागलं. आमच्याकडे बैलगाडीपासून विमानापर्यंत काहीही घेतलं तरी लिंबू चाकाखाली चिरडतात. न चिरडलेली लिंबं जपून परत घरात नेणारा हा पहिलाच. सरबत करणार होता का काय, कुणास ठाऊक.

“गाडी खाली का नाही?”

“एका जागी उभी राहिली की टायर दबतात.”

“मग चालवावी.”

“चालवली की दगड उडतात, अक्का. आपल्याकडचे रस्ते म्हणजे… रंगाला एक टवका गेला की सगळं गेलं.”

“इंजिनाला काय झालंय?”

“काही नाही. दर रविवारी चालू करतो. गिअरसुद्धा टाकतो. ऐकवू?”

त्यानं हातमोजे घातले आणि चालू केली. काय आवाज होता… मी टवाळ माणूस, पण गप्प झालो. त्यानं गिअर टाकला. मागची चाकं हवेत फिरायला लागली, त्यांच्या वाऱ्यानं हारांतल्या पाकळ्या हलल्या. गाडी जोरात पळत होती आणि जागची हलत नव्हती.

व्हरांड्यात आण्णा उठून उभे राहिले. काठी टेकली, एक पायरी उतरले.

यशोधननं इंजिन बंद केलं.

आण्णा थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पायरी चढून परत बसले.

हे दर रविवारी होत असणार. तो शेडमध्ये, हे व्हरांड्यात. दर रविवारी पायरी उतरायची आणि चढायची. मला इतका संताप आला, की समोरचं लिंबू उचलून त्याच्या डोक्यात मारावंसं वाटलं. मारलं नाही. लिंबूही मूळचं असेल, काय सांगावं.

“आण्णांना काय सांगितलंस?” अक्का म्हणाली.

“पुढच्या दसऱ्याला नक्की नेतो म्हणून. तोवर बक्कल येईल, टपाचं कापड…”

“गेल्या दसऱ्याला काय सांगितलंवतंस?”

“तेव्हा रंग ओला होता.”



यशोधनला गप्प बसवेना. तो समजावून सांगायला लागला. आण्णांसाठीच तर करतोय हे सगळं. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी जशी होती, तशी त्यांना द्यायची. अर्धवट गाडीत बापाला बसवायचं म्हणजे अपमान. दोष राहिला तर दोष आपला, आणि तुम्हीच तर शिकवलंत ना, अक्का, की काम पुरं झाल्याशिवाय पाना खाली ठेवायचा नाही.

“नारळ कुठाय?” अक्का म्हणाली.

त्यानं नारळ आणला. गाडीपासून चांगला लांब, अंगणात, एक दगड धुऊन ठेवला होता. दगडाभोवती प्लॅस्टिक अंथरलं होतं. पाणी उडू नये म्हणून.

अक्कानं नारळ हातात घेतला. कानाशी हलवला. शेंडी नीट केली. दगडाकडे बघितलं. यशोधन हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला.

अक्का वळली आणि शेडमध्ये गाडीपाशी गेली. रोज हँडल मारणारे हात ते. नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि पुढच्या मडगार्डावर आणला.

आवाज झाला तो नारळाचा अर्धा आणि पत्र्याचा अर्धा.

पाणी हिरव्या रंगावरून ओघळत गेलं. मडगार्डावर वाटीएवढा पोचा. त्यात नारळाच्या कवचाची एक चकती बसली होती, मोजून केल्यासारखी.

यशोधननं डोळे उघडले आणि गाडीकडे धावला…



“फुटला का नारळ?” व्हरांड्यातून आण्णांचा आवाज.

“फुटला, आण्णा,” मी म्हणालो.

“मग निघायचं की.”

आणि काठीचा आवाज यायला लागला. पायरी. मग दुसरी. मग अंगणातल्या फरश्या.

इकडे यशोधन बोलायला लागला होता. आवाज चढवला नाही, शहाणा मुलगा. म्हणाला, तो पत्रा त्यानं लाकडी हातोडीनं रेघ न् रेघ सरळ केला होता. पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरनं घासला होता, बोटांची सालं जाईपर्यंत. धूळ बसू नये म्हणून रंगाचा एकेक हात पडद्याआड, श्वास धरून मारला होता. दुष्मनानं केलं असतं तर समजलं असतं; गुरू म्हणून ज्यांच्या पायाशी बसलो, त्यांनी भरल्या दिवशी, पूजेच्या नारळानं… त्यानं अक्काला जे जे सुनावलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण इतकं रास्त बोलणं एकदाही वाट्याला आलं नाही. जळलो मी.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता पोच्यातली चकती काढली, खोबऱ्याचा तुकडा मोडला आणि मला दिला. एक तुकडा त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही.

“आता हे सगळं मला पहिल्यापासून करावं लागणार,” तो म्हणाला. “पत्र्यापासून. अगदी पहिल्यापासून.”

आण्णा शेडच्या दारात पोचले होते. आत पादत्राणं चालत नाहीत, म्हणून एका हातानं चौकट धरून, वाकून, बुटाची नाडी सोडायच्या खटपटीत होते. दम लागला होता. गाठ सापडत नव्हती.

अक्का त्यांच्याकडे बघत होती.

“कर की,” ती म्हणाली. “आणि आण्णांनाही सांग, तुम्हीपण पहिल्यापासून सुरू करा.”