डाव्या गालातला राखणदार

फार वर्षांपूर्वी रंगनाथ सुताराच्या डाव्या गालात पेशींची वस्ती होती. कुणी हद्द सोडून घर वाढवलं, की तिथला राखणदार ते पाडायचा. पुढे रंगनाथ चुना मळून गालात तंबाखूचा बार भरू लागला. वस्ती पोळली, की धोक्याची घंटा ओरडे, “राखणदारा, हातातलं टाक, आधी आग विझव!” बार दिवसभर, मग घंटाही दिवसभर.

एकदा राखणदाराच्या शेजाऱ्याने हद्दीबाहेर तिसरी खोली काढायला घेतली. राखणदार तिकडे निघाला.

“तुला हे आत्ताच सुचतंय का?” घंटा खेकसली. तो आगीकडे वळला.

गालावर गाठ दिसली, तेव्हा रंगनाथने बार उजव्या गालात धरला. डावीकडची घंटा एकदाची थांबली.

“आता शेजाऱ्याकडे बघतो,” म्हणत राखणदाराने दार उघडलं. समोर उंबरठ्याला टेकून शेजाऱ्याची भिंत उभी होती.