दोन लोखंडांमधला रबर

गाडीचे भाग आपसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. सोपानच्या टेम्पोचं मागचं चाक खड्ड्यात गेलं की खालून ठकठक ऐकू येऊ लागली. सांगाडा ओरडायचा, "हा म्हातारा पाटा मला मारतो!" चाकावरचा स्प्रिंगचा पाटा ओरडायचा, "आधी तूच आदळतोस!"

सोपान वैतागून गॅरेजमध्ये गेला. "चाचा, पाटा भंगारात टाका, नवा बसवा."

हुसेनचाचा मिस्त्रींनी पाना उचललाच नाही. "आधी गाडी जागच्या जागी हलव बघू," म्हणत ते खाली शिरले आणि पाट्याच्या टोकाशी तळहात लावून पडून राहिले. गाडी हलायची थांबल्यावर त्यांनी तिथल्या सांध्यात बोट घातलं. पाटा आणि सांगाडा यांच्यामध्ये तिथे धक्के झेलणारा एक रबरी बुश असायचा. बोटाला लागला तो नुसता काळा भुगा.

"पाटा धडधाकट आहे रे. हा बिचारा झिजून संपला. कधी आवाज केला नाही, म्हणून कुणी पाहिलंही नाही."

 पाटा सांगाड्याला हळूच म्हणाला, "इतकी वर्षं आपलं भांडण झालं नाही, म्हणून मला वाटायचं, आपलं दोघांचं छान जमतं."