खालोखाल मेंढा

कुसळेवाडीच्या वर जो उघडा माळ आहे, त्याच्या टोकाला एक धोंडा आहे. खालच्या रस्त्यावरून पाहिले तर वाटते, एखादा काळा मेंढा मान दुमडून उन्हात बसला आहे. जवळ गेल्यावर कळते की तो दगडच आहे, कमरेइतका उंच, आणि त्याच्याभोवती लोकरीचे सूत गुंडाळलेले आहे. आतले सूत पावसापाण्याने आळून दगडालाच चिकटले आहे. वरचे अजून मऊ लागते.

दिवाळीच्या पाडव्याला कुसळेवाडीचे धनगर या धोंड्यापाशी मेंढा निवडतात. माद्यांत कोणता नर सोडायचा ते त्या दिवशी ठरते. बाकीचे नर खच्ची होतात, विकले जातात, जत्रेत कापले जातात. मेंढा निवडायचा तो दोन गोष्टींसाठी. त्याच्या पाठीवर मांस हवे, आणि अंगावरची लोकर कातता आली पाहिजे. या दोन गोष्टी एका जनावरात क्वचितच सापडतात. मांसल मेंढ्याची लोकर बहुधा राठ असते, आणि मऊ लोकरीचा मेंढा हाडकुळा निघतो.

निवडणारा म्हातारा डोळ्यांवर घोंगडीची पट्टी बांधून घेतो. घरची सून मेंढ्याच्या खांद्यावरची चिमूटभर लोकर घेऊन टकळीवर कातते, आणि ती बोलल्याशिवाय कोणी भंडारा उधळत नाही. निवडलेला मेंढा कितीही देखणा असो, त्याला 'खालोखाल' म्हणतात.

"कुणाच्या खालोखाल?" असे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. तेव्हा गावातले म्हाकू आबा धोंड्याशेजारी बसतात. सुताला पाठ टेकत नाहीत. आणि सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, या माळावर येसबा नावाचा मेंढका होता. आजूबाजूच्या दहा वाड्यांत त्याच्या नजरेची ख्याती होती. पाडव्याला तो या धोंड्यावर उभा राही, खालून मेंढे एकेक करून हाकले जात, आणि तो काठी रोखून सांगे, "हा." कधी कोणत्या मेंढ्याला त्याने हात लावला नाही. "हात लावून तर कुणीबी ओळखंल," असे तो म्हणे, आणि त्याचा शब्द पुढे कोणी मोडत नसे.

त्याचा एकुलता मुलगा धुळबा, आणि सून ठकू; घरात आणि वाडीत सगळे त्याला आप्पा म्हणत. ठकूच्या हाताला कातण्याची देणगी होती. चालता चालता, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन, ती टकळी फिरवी आणि सूत तुटत नसे, असे सांगतात. लोकर बोटांत धरली की ती कोणत्या मेंढीची हे ती न पाहता सांगे.

एका उन्हाळ्यात धुळबाने ओढ्याच्या कपारीतून एक कोकरू काढून आणले. त्याची आई तिथेच मरून पडली होती. राखी रंगाचे, पाठीवर काळसर, पाऊस भरून आल्यासारखे. ठकूने त्याला आभाळ्या म्हटले आणि शेळीच्या दुधावर वाढवले. त्याचे जावळ, म्हणजे पहिली लोकर, कातरली तेव्हा ठकू ती तिथेच टकळीवर कातू लागली आणि थांबेचना.

"काय गं?" धुळबाने विचारले.

"बोटं थांबंनात माजी," ती म्हणाली. "हे सूत आपूआप निघतंय."

आभाळ्या दोन दाती झाला, वयात आला, तेव्हा धुळबाने त्याच्या पाठीवर हात फिरवला, कमरेच्या दोन्ही बाजू दाबून पाहिल्या. मग बायकोचा हात धरून तिथेच ठेवला. "दाब. आनखी दाब. हाड लागतंय का?" हाड लागत नव्हते. "दोन्ही हाय ह्याच्यात, ठके. असला मेंढा आप्पांनीबी बघितला नसंल. येत्या पाडव्याला ह्योच."

पण नवरात्राच्या सुमारास धुळबाला हिवताप आला. भर उन्हात त्याचे दात वाजत. घरातल्या सगळ्या घोंगड्या अंगावर घातल्या तरी तो म्हणे, जड होतंय, पण ऊब न्हाई. ठकूने कातर घेतली आणि ती आभाळ्याकडे निघाली. धुळबाने अंथरुणातून हाक मारली.

"आत्ता कातरू नगंस. पाडवा पंधरा दिसांवर आलाय. उघडा दिसंल त्यो सगळ्यांत."

"लोकर परत येतीया," ठकू म्हणाली. "मानूस येतं का?"

तिने एकटीने आभाळ्याला कातरले. चार दिवस आणि चार रात्री सूत काढले. गावच्या सणगराने हातातले काम बाजूला ठेवून ती घोंगडी विणून दिली. धुळबाने ती पांघरली, आणि पहिल्यांदा त्याचे दात वाजायचे थांबले. त्या घोंगडीखाली तो तीन दिवस जगला.

शेवटच्या दुपारी, येसबा घरात नसताना, त्याने ठकूला जवळ बोलावले. "आप्पांना सांग," तो म्हणाला, "नुसतं बघू नका म्हनावं. आभाळ्याला हात लावा. एवढंच सांग."

एवढेच सांगायचे होते.

सांगण्याला एक अडचण होती, आणि ती या घराशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. ठकूच रोज सासऱ्याला जेवायला वाढत होती. येसबा भाकरी घ्यायला हात पुढे करी तो चटणीत पडे. तांब्या समोर असताना तो विचारी, "पानी कुटं ठिवलंस, पोरी?" ठकू तांब्या त्याच्या बोटांना लावी. दहा वाड्यांत ज्याच्या नजरेचे नाव, त्याचे डोळे विझत चालले होते.

पाडवा आला. दुखवटा असला तरी पाडवा थांबत नाही. माद्यांचा ऋतू कुणासाठी थांबत नाही. येसबाला हाताला धरून पुतण्याने धोंड्यावर चढवले. लोकांना वाटले, पोराच्या दुःखाने म्हातारा खचला आहे. बायकांनी माळावर यायचे नाही अशी रीत होती. मेंढे वाढवायचे बायकांनी, कोकरांना दूध पाजायचे बायकांनी, सूत त्यांनी काढायचे, आणि निवडायच्या वेळी मात्र त्यांनी खाली मेंढ्यांच्या वाड्याशी थांबायचे. तरी ठकू वर आली. एका बाभळीआड उभी राहिली. ओच्यात तिने आभाळ्याच्या सुताची उरलेली गुंडी आणली होती. ते एक वाक्य ती वाटभर मनात म्हणत आली होती.

मेंढे निघाले. अजून कोणाचीही कातरणी झाली नव्हती, त्यामुळे सगळे लोकरीने फुगलेले, एकेक केवढाले दिसत होते. ढाण्या नावाचा एक पांढरा मेंढा तर वासराएवढा वाटत होता. आणि त्यांच्यामागून आभाळ्या आला, उघडा, कातरीचे ओरखडे अंगावर घेऊन.

"ह्यो लुकडा कुनाचा रं?" कोणीतरी ओरडले.

"आप्पांच्याच घरचा की!" दुसऱ्याने सांगितले. "कापडं काढून आलाय, बाशिंग बांधायला!"

माळ हसला. येसबाच्या चेहऱ्यावर रक्त चढले. स्वतःच्या घरचा मेंढा, तोही लोकांच्या हसण्याचा. त्याला समोर फक्त आकार दिसत होते, एक लहान, एक मोठा. त्याने काठी मोठ्या आकाराकडे रोखली.

"हा."

ठकूने तोंड उघडले होते. एक पाऊल टाकलेही होते. तिला वाटले, आता 'हात लावा' म्हणायचे म्हणजे चार माणसांत 'तुम्हाला दिसत नाही' म्हणायचे. आठ दिवसही झाले नव्हते, या माणसाने मुलाला अग्नी दिला होता. ती पुन्हा बाभळीआड झाली. तोवर भंडारा उडाला.

घरी आल्यावर येसबाने काठी भिंतीला टेकवली. मग एकाएकी म्हणाला, "ठकू, माज्या नजरेवर भरवसा हाय न्हवं तुजा?"

तो असे का विचारतो आहे हे तिला कळले. तो 'नाही' ऐकायला घाबरत होता, आणि तेच ऐकायला थांबलाही होता.

"हाय की, आप्पा," ती म्हणाली.

कार्तिकात बिरोबाची जत्रा भरली. येसबाच्या घरचा नैवेद्याचा मेंढा म्हणून आभाळ्याला नेले. ठकू त्याच्यामागून वेशीपर्यंत गेली. त्याच्या अंगावर नवी लोकर बोटभर आली होती. वेशीत तो थांबला, मागे वळला, आणि तिच्या ओच्यात तोंड घालून ज्वारीचे दाणे शोधू लागला, लहानपणी शोधायचा तसे. ओच्यात दाणे नव्हते. सुताची गुंडी होती.

कापायला गावचा दावल मुलाणी होता. आयुष्यभर त्याच्या हाताखालून मेंढे गेले होते. त्याने कातडे सोडवले, पाठ उघडी केली, आणि सुरी खाली ठेवली.

"आप्पा," तो म्हणाला, "ह्यो मेंढा कुनी धाडला?"

"मी. का?"

"अशी पाठ मी जन्मात कापली न्हाई. ह्यो कापायचा मेंढा न्हवता, आप्पा. ह्यो वाढवायचा हुता."

येसबा उठला, चाचपडत पुढे आला, आणि दावलने त्याचा हात धरून त्या पाठीवर ठेवला. मग बाजूला पसरलेल्या कातड्यावर ठेवला. म्हाताऱ्याची बोटे त्या बोटभर लोकरीतून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. आभाळ्याला येसबाने पहिल्यांदा हात लावला तो असा.

त्या दिवशी जत्रेतले कोणीच जेवले नाही, असे सांगतात. काही जण म्हणतात, फक्त येसबाच्या घरचे जेवले नाहीत. मग कातरणीचे दिवस आले. ढाण्याची लोकर उतरवली तेव्हा आतून बरगड्या निघाल्या, आणि लोकर अशी राठ की घोंगडी अंगाला टोचे. आभाळ्याचा मात्र कुठे अंश नव्हता. निवड होण्याआधी नवा मेंढा माद्यांत सोडायचा नाही, हा त्यांचा नेमच होता, आणि तो नेम ठकूने स्वतः कसोशीने पाळला होता.

पण त्याआधी, जत्रेच्या दुसऱ्याच सकाळी, येसबा म्हणाला, "मला माळावर ने." ठकूने त्याला हाताला धरून धोंड्यापाशी आणले. आता तो वर चढला नाही. खाली बसला.

"मला दिसत न्हवतं, पोरी."

"ठावं हुतं, आप्पा."

"कवापासनं?"

"नवरात्राच्या आदीपासनं."

म्हाताऱ्याने वाऱ्याकडे तोंड फिरवले. "आन् धुळबा? त्यो काय बोलला न्हाई का मेंढ्याचं?"

तेव्हा ठकूने ते वाक्य सांगितले. नुसतं बघू नका, हात लावा. मरणाऱ्या माणसाने दिलेला निरोप महिनाभर उशिरा पोचला.

"मग माळावर का न्हाई बोललीस?" येसबा म्हणाला. "घरी मी तुला इचारलं, तवा का न्हाई सांगितलंस?"

"तुमचा ल्योक गेला हुता, आप्पा," ठकू म्हणाली. "आनखी काय काडून घ्यायचं हुतं तुमच्यापासनं?"

मग तिने ओच्यातली गुंडी काढली, सुताचे टोक धोंड्यावर धरले, आणि त्याच्याभोवती फिरत सगळे सूत गुंडाळले. सूत संपेपर्यंत येसबा तिच्या पावलांचा आवाज ऐकत होता.

पुढच्या पाडव्याला येसबाने ठकूला आपल्यासोबत वर आणले. बाईमाणूस माळावर आले म्हणून कुजबूज झाली. येसबाने धुळबाच्या घोंगडीची एक पट्टी काढली आणि सगळ्यांसमक्ष स्वतःच्या डोळ्यांवर बांधली.

"वरीसभर मी तुमाला फसवलं," तो म्हणाला. "मला दिसत न्हाई. हितनं म्होरं जो निवडंल त्यानं डोळं बांधायचं, हातानं बघायचं. आन् सून आदी बोलंल. ती बोलस्तवर माळावर कुनी हलायचं न्हाई."

त्याने एकेका मेंढ्याची पाठ दाबली. ठकूने एकेकाची लोकर कातली. एका काळ्या मेंढ्यापाशी म्हातारा थांबला. पाठ बरी होती. सूतही बरे निघाले होते.

"बोल, सूनबाई. त्याच्यावानी हाय का?"

ठकूची टकळी फिरत राहिली. ऊन कलले. माणसे उभी होती, मेंढे उभे होते, आणि रीत नवीन असली तरी कोणी हलले नाही. शेवटी ती म्हणाली,

"खालोखाल हाय."

येसबाने मान हलवली, भंडारा उधळला. कातलेले सूत ठकूने धोंड्याला गुंडाळले.

ठकू खूप जगली, म्हणे. दरवर्षी तिला विचारले गेले आणि दरवर्षी तिने तेच उत्तर दिले. कळप सुधारला. हात आणि टकळी दोन्हींच्या कसोटीतून उतरलेल्या मेंढ्यांनी तो सुधारणारच होता. तिच्या शेवटच्या पाडव्याला एक राखी मेंढा आला. पाठीवर काळसर. निवडणाऱ्याने पाठ दाबली आणि त्याच्या तोंडून आश्चर्याचा शब्द गेला. ठकूच्या थरथरत्या बोटांतून सूत आपोआप निघत राहिले, तुटले नाही. सगळ्यांना वाटले, आज तरी ती दुसरे काही बोलेल. तिने मेंढ्याच्या लोकरीत तोंड खुपसले, मग मान वर केली.

"खालोखाल," ती म्हणाली.

एखादा पाहुणा इथे आबांना अडवतो. "तो मेंढा आभाळ्याइतकाच चांगला असेल, तर ती खोटं बोलली."

"आसंल," आबा म्हणतात. "एकदा सासऱ्याला 'हाय की' म्हनून तिचा मेंढा गेला. परत कुनाला हाय म्हनंल ती?"

आता लोकरीला गिऱ्हाईक नाही. व्यापारी येतो, जनावर काट्यावर चढवतो, वजन बघतो आणि निघून जातो. कातरलेली लोकर बांधाला फेकलेली दिसते, पावसात भिजत पडलेली. ज्यांच्या आज्यांनी सूत काढून घरे उबदार ठेवली, त्यांच्या घरांतून टकळ्या नाहीशा झाल्या आहेत. कुसळेवाडीत मात्र प्रत्येक सुनेला कातता येते, निदान हातभर सुतापुरते.

आजही पाडव्याला म्हातारा डोळे बांधून उभा राहतो आणि सून टकळी फिरवते. तिला घाई करायची नाही असा नेम आहे. ऊन कलले तरी लोक उभे असतात. मग कधी हळू, कधी स्पष्ट, तो एक शब्द येतो, भंडारा उडतो, आणि ती धोंड्याभोवती फिरू लागते. तेवढा वेळ, सूत संपेपर्यंत, माळावर तिच्या पावलांशिवाय दुसरा आवाज होत नाही.