गवतातली हाक

"मग? काय म्हणालास तिला?"

भिवगिरी महाराजांनी विचारलं तेव्हा केरबा मठाच्या ओट्याखाली उकिडवा बसला होता. उत्तर त्याने वाटेतच तयार करून आणलं होतं.

"पुढं जनावर आहे, म्हणालो. जसं म्हणायचं तसंच."

त्या डोंगराकडेला सापाला साप कोणी म्हणत नाही. नाव घेतलं की येतो, म्हणतात. कोणी लांबडं म्हणतं, कोणी किरडू, बहुतेक जण जनावरच म्हणतात. तरी एखाद्याची जीभ घसरायचीच. केरबाची मात्र मठात आल्यापासून अकरा वर्षांत एकदाही घसरली नव्हती. हे तो कोणी न विचारताही सांगत असे.

उद्या त्याची दीक्षा होती. भगवी छाटी धुऊन दोरीवर वाळत होती. नवं नाव तेवढं मिळायचं राहिलं होतं.

"तिला कळलं ते?"

"आता मी काय सांगू, महाराज... शहरातली पोर."

परवा दुपारी मठाच्या कुरणात गवत कापताना त्याला बांधालगत घोणस दिसली. वेटोळं घालून, सुस्त. तेवढ्यात पलीकडून सरगरांची नवी सून डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आली. सोलापुरात वाढलेली, लग्नाला नऊ दिवस झालेले, कोपरापर्यंत हिरवा चुडा. केरबाने लांबूनच सावध केलं.

तिने जनावर ऐकलं आणि तिला गाय आठवली. सरगरांची कपिला सकाळीच दावं तोडून गेली होती, घरातली सगळी माणसं तिच्या मागावर होती. तिने पाटी बांधावर उतरवली, पदर खोचला आणि हसतच गवतात शिरली. नव्या सुनेला शाबासकीचे प्रसंग तसे थोडेच येतात.

"तू नुसता बघत राहिलास?"

"नाही हो. हाक मारली की. वहिनी म्हणून नाही, थेट नावानं मारली. अन्नपूर्णा, अन्नपूर्णा, असा तीनदा ओरडलो."

"मग?"

"वळली नाही..."

"ऐकू गेलं नसेल."

"गेलं असणार. दहा पावलांवर तर होती."

अन्नपूर्णा हे नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. सासूच्या आवडीचं. पेढे वाटून झाले, ताटातले तांदूळ डब्यात गेले, आणि पोर त्या नावाची झाली असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

केरबा मग आपणच पुढचं सांगत गेला. तालुक्याच्या दवाखान्यात नेली, पण काल पहाटे गेली. आई सोलापूरहून आली ती थेट तिरडीपाशीच. 'रेवा, माझ्या रेवा' म्हणून ऊर बडवत होती, आणि मागं उभ्या असलेल्या दोन बाया एकमेकींना विचारत होत्या, रेवा कोण? हे केरबाने मुद्दाम सांगितलं. त्याला ते विचित्र वाटलं होतं.

"सासरा म्हणाला, वेळ भरली होती तिची. तू आपलं काम केलंस, म्हणाला." केरबा थोडा पुढे सरकला. "पण गावात एकदोघं कुजबुजतात, महाराज. उद्या दीक्षेला सगळे जमणार. तुम्ही चार लोकांत एवढंच म्हणा की केरबाचं काही चुकलं नाही. मी नेम मोडलेला नाही. त्या घडीलासुद्धा मोडला नाही."

दोरीवरची छाटी वाऱ्याने जराशी हलली.

"साप सापडला का?" महाराजांनी विचारलं.

केरबा दचकला. अकरा वर्षांत महाराजांच्या तोंडूनही त्याने तो शब्द ऐकला नव्हता. त्याची नजर आपोआप पायाशी गेली.

"नाही... काठ्या घेऊन गेले होते लोक. तिथंच असेल अजून."

"आणि नवं नाव पाहिजे तुला."

"होय, महाराज." त्याला हायसं वाटलं. त्याने हात जोडले.

"ठरलंय."

"काय ठरलं?"

महाराज ओट्यावरून खाली उतरले. काठी उचलून त्यांनी कुरणाकडे धरली. गवत कमरेइतकं वाढलेलं होतं. कापायचं राहिलं होतं तिथून ते पार बांधापर्यंत.

"त्या गवतात चालायला लाग, बाळ. मी नव्या नावानं हाक मारतो."